बिनआवाजाची बटेर

रायपूरहून निघालं की कुम्हारीला रस्ता फुटतो. एक सरळ आमच्या भिलाईकडे येतो, दुसरा अहिवाऱ्याला जातो. माझा मुलगा रायपूरला नोकरीला आहे आणि त्याची सासुरवाडी अहिवाऱ्याची. सुट्टी लागली की तो, सून आणि माझी सात वर्षांची नात गाडीत बसतात, आणि कुम्हारी आली की कुठे वळायचं ते नात मागच्या सीटवरून सांगते. ती दर वेळी एकच सांगायची. मग मुलाचा मला फोन यायचा, "आई, तिकडंच जाऊन राहिलो. पोरगी ऐकतच नाई. वापस जाताना तुह्याकडे येतो." वापस जाताना म्हणजे संध्याकाळी तासभर, आणि तोवर पोर गाडीत झोपलेली असायची. मी काचेतून तिचं तोंड बघायची आणि डबा सुनेच्या हातात द्यायची.

मला ह्याचं वाईट वाटायचं असं लिहिलं तर ते फार सभ्य होईल. माझ्या पोटात दुखायचं. मुलावर राग नव्हता, सुनेवर नव्हता, नातीवर कसा असेल? माझा सगळा राग तिच्या त्या दुसऱ्या आजीवर होता. नात तिला नानी म्हणते. आमच्या बोलीत मी तिला ईनबाई म्हणते, म्हणजे विहीणबाई.

ईनबाई अंगानं माझ्या दुप्पट आहे आणि आवाजानं चौपट. तिच्या नवऱ्यानं जन्मभर चुनखडीच्या खाणीत डंपर चालवला. डंपर आणि खाणीतले सुरुंग ऐकून ऐकून त्याचे कान निम्मे गेले. त्यामुळे त्या घरात सगळेच शेताच्या पलीकडच्या माणसाला हाक मारावी तसे बोलतात. टीव्ही मोठा, मोबाईल मोठा, हसणं त्याहून मोठं. अंगणात कोंबड्या, एक शेळी, शेजारची पोरं. ह्या सगळ्याचे फोटो ईनबाई रोज स्टेटसला टाकते. नातीच्या डोक्यावर कोंबडीचं पिल्लू, नातीच्या कडेवर शेळीचं पिल्लू, नात आणि नानी दोघी तोंड फाडून हसताहेत. मी ते फोटो दोन बोटांनी मोठे करून बघायची. पोरीचे केस विंचरलेत का, फ्रॉकवर शेण लागलंय का, काहीतरी उणं सापडतंय का. एकदा नखात माती दिसली, तेव्हा माझा तो दिवस बरा गेला.

आमचं स्टील प्लांटचं क्वार्टर सेक्टर दोनमध्ये, खालच्या मजल्यावर. माझं लग्न होऊन मी भंडाऱ्याकडून इथे आले, त्या पहिल्याच आठवड्यात शेजारणीनं मला फाटक लावायला शिकवलं होतं. लोखंडी फाटकाची कडी आधी बोटानं उचलायची, मग फाटक ढकलायचं, मग कडी हलकेच खाली ठेवायची. कारण ह्या क्वार्टरांच्या लायनीत कुणी ना कुणी नाईट करून आलेला असतो आणि तो दिवसा झोपतो. "नाईटवाला झोपून हाय" एवढं म्हटलं की भांडणसुद्धा कुजबुजत व्हायचं. माझे यजमान कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर होते. तिन्ही शिफ्ट. मी दुपारी मिक्सर लावला नाही, कुकरची शिटी होऊ दिली नाही, मुलाला पाठ केलेली कविता मागच्या व्हरांड्यात नेऊन ओठांतल्या ओठांत म्हणायला लावली. पाहुणे म्हणायचे, तुमच्या घरी किती शांत वाटतं. मला ते कौतुक फार आवडायचं.

चार वर्षांपूर्वी यजमान रिटायर झाले. क्वार्टर लीजवर आमच्याकडेच राहिलं. दुपारी जेवण झालं की ते आतल्या खोलीत जाऊन पडत आणि मी खिडकीचे जाड निळे पडदे ओढून घेई. ते पडदे मी नाईटसाठी शिवून घेतले होते. ओढले की भर मे महिन्यात खोलीत दिवेलागण होते. नात आणखी लहान असताना राहायला यायची, तेव्हा तिलाही मी फाटकाची कडी उचलायला शिकवली होती.

तर एका दिवाळीनंतर नात फोनवर मला सांगत होती की नानीच्या कोंबडीनं तिच्यासमोर अंडं दिलं. मी म्हटलं, अरे वा. ती म्हणाली, "गरम था, आजी. मैंने पकड़ा." मी म्हटलं, आमच्याकडे ये ना. तिनं जरा विचार केला आणि अगदी समजूतदारपणे म्हणाली, "आपके घर कुछ नहीं है ना, आजी."

फोन ठेवला आणि मी यजमानांसमोर उभी राहिले. "आपल्याले कोंबड्या पायजे."

ते पेपरातून वर बघत म्हणाले, "इथं? सेक्टरात? कोंबडा सकाळी चारले आरडन तं लाईन उठन सारी." मग माझं तोंड बघून त्यांनी पेपर खाली ठेवला. "लावे पाळ. लहान असतात, पिंजऱ्यात राहतात. आमच्या गावाले वावरात धसकटात पळत राहायचे. आमी जाळं टाकून धरायचो."

लावा म्हणजे भिलाईतले लोक ज्याला बटेर म्हणतात तो पक्षी, कोंबडीच्या चौथाई एवढा, मातीच्या रंगाचा. कोंबड्या तर ईनबाईकडे होत्याच. बटेर अख्ख्या अहिवाऱ्यात कुणाकडे नसेल, असं माझ्या मनात आलं आणि मला एकदम हलकं वाटलं.

कॅम्प-१च्या बाजारात पक्ष्यांचं एक दुकान आहे. मी दुसऱ्याच दिवशी गेले. आधी यजमानांनी सांगितलं तसं वावरातल्या लाव्याबद्दल विचारलं. दुकानदारानं कानाला हात लावला. "जंगल वाला नहीं रखता, माताजी. वो बंद है. पकड़ा गया तो मैं भी अंदर, आप भी अंदर." मग त्यानं मला आतल्या बाजूला नेलं. तिथे पाळायला चालणाऱ्या तीन जाती तीन पिंजऱ्यांत होत्या. मी स्टूल ओढून बसले. सून पसंत करायला गेले होते तेव्हाही मी इतकं बारीक पाहिलं नव्हतं.

पहिल्या पिंजऱ्यात चिनी बटेरीची जोडी होती. मुठीत मावतील एवढी. नराचं पोट निळसर, गळ्याखाली पांढरा पट्टा, आणि मादी साधी, तपकिरी. दुकानदारानं आत दाणे टाकले. नरानं एक दाणा उचलला, पण गिळला नाही. चोचीत धरून तो मादीकडे गेला, हळू आवाज काढून तिला बोलावलं आणि तिच्यासमोर ठेवला. तिनं तो खाल्ला. तो पुन्हा गेला, पुन्हा आणला. मी किती वेळ बघत बसले कुणास ठाऊक. त्या मुठीएवढ्या मादीचा मला असा हेवा वाटला की काय सांगू. आमच्या घरी चाळीस वर्षांत वाढायचं काम माझंच, आणि ताटात मीठ कमी आहे हे सांगायचं काम त्यांचं. हे रोज डोळ्यांसमोर बघणं मला झेपलं नसतं. दुकानदारही म्हणाला की ही फार नाजूक, गजांमधून निसटते, पोरांच्या हातात द्यायची नाही. बरंच झालं.

दुसऱ्या पिंजऱ्यात अमेरिकन बटेरी होत्या. सात-आठ असतील, डोळ्यावरून पांढरी पट्टी गेलेल्या. त्या कोपऱ्यात गोल करून बसल्या होत्या, शेपट्या आत, तोंडं बाहेर, अंगाला अंग लावून. दुकानदार म्हणाला की ह्या झोपतातही अशाच. मला लगेच ईनबाईचं घर आठवलं. उन्हाळ्यात तिथे गच्चीवर एका लायनीत सगळे झोपतात आणि माझी नात मधोमध असते. तो फोटोही स्टेटसला आला होता. तेवढ्यात त्यातल्या एकानं शीळ घातली, रस्त्यावरच्या टपोरी पोरासारखी. मी स्टूल पुढे सरकवलं.

तिसरी जपानी बटेर. ही अंड्यांसाठी पाळतात तीच. नर छातीवर विटकरी, मादी छातीवर ठिपक्यांची. एकच नर होता, तो मान ताणून ओरडला. एवढ्याशा देहातून लाकडी दाराचं बिजागर करकरावं तसा आवाज निघाला आणि समोरच्या दुकानातल्या माणसानं मान वळवली.

"और मादी?" मी विचारलं.

"मादी चुप रहती है. थोड़ा चीं-चीं, बस."

"तो मादी दो. चार. बिना आवाज वाली चाहिए मुझे."

त्यानं चार माद्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घातल्या आणि खोकं बांधताना सांगत राहिला. पिंजऱ्याचं छत मऊ ठेवा, घाबरली की सरळ वर उडते आणि डोकं फुटतं. एका तसराळ्यात वाळू ठेवा, त्यात लोळते. अंडी उबवायला ही बसत नाही. ऊन-उजेड मिळाला तर रोज देईल, ठिपक्यांचं अंडं. शेवटचे दोनच शब्द मी नीट ऐकले. ठिपक्यांचं अंडं. ईनबाईच्या कोंबडीचं अंडं आपलं नुसतं पांढरं.

यजमानांनी मागच्या व्हरांड्यात पिंजरा बनवला. छताला आतून जुनी गोधडी शिवली, वाळू आणली. माझ्याकडे निळ्या पडद्याची एक जोडी जास्तीची होती. नव्या जागेत बिचाऱ्यांना आराम मिळावा म्हणून ती मी पिंजऱ्यावर टाकली, दुपारी तर पुरती. थकून आलेल्या जिवाला अंधार आणि शांतता द्यायची, मला आयुष्यभर एवढंच येत होतं.

नातीला फोनवर सांगितलं की माझ्याकडे असे पक्षी आहेत जे नानीकडे नाहीत, आणि त्यांचं अंडं ठिपक्यांचं असतं, जणू कुणी शाई शिंपडली.  ती म्हणाली, "सच्ची?" त्या शनिवारी मुलाचा कुम्हारीहून फोन आला, "आई, पोरगी म्हणते सीधा. रविवारी सकाळी जाऊ तिकडं, आज तुह्याकडेच थांबतो."

मी काय केलं असेल? ईनबाईला फोन केला. "जयभीम ईनबाई. मी म्हटलं तुमी वाट पाहत असान. पोरगी आज माह्याकडे येऊन राहिली."

"जयभीम, जयभीम," ती ओरडली. मागे कोंबडा आरवत होता. "मले माहीत हाय ना. मीच सांगतलं तिले, जाय म्हटलं एकखेप आजीकडे, आजीनं पक्षी आणले तुह्यासाठी. येऊ द्या, येऊ द्या."

माझ्या हातातला फोन गरम झाला. म्हणजे ती आपणहून वळली नव्हती, तिला पाठवली होती. जिंकल्याचा आनंदसुद्धा ह्या बाईनं मला पुरता घेऊ दिला नाही.

आणि मुख्य अडचण वेगळीच होती. बटेरींनी एकही अंडं दिलं नव्हतं. इतके दिवस झाले, मी रोज पडदा वर करून वाळूत, कोंड्यात, कोपऱ्यात हात घालून बघत होते. त्या चौघी शेजारी शेजारी नुसत्या बसून असत. शेवटी मी कॅम्प-१ला जाऊन बटेरीच्या अंड्यांचं पाकीट विकत आणलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. गाडीचा आवाज आला तशी पळत जाऊन त्यातली तीन पिंजऱ्यात कोंड्यावर मांडली. यजमान दारात उभे राहून बघत होते. मी म्हटलं, काई बोलू नका. ते बोलले नाहीत.

नात आली. गाडीतून उतरली, फाटकाची कडी बोटानं उचलली, फाटक ढकललं आणि कडी हलकेच खाली ठेवली. चप्पल काढून हातात घेतली. चवड्यांवर चालत माझ्याजवळ आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "आजी, कहाँ हैं?"

मला तिचं तेच आवडलं. केवढं वळण आहे पोरीला, मी मनात म्हटलं. अहिवाऱ्यात हे वळण कोण लावणार होतं?

मी तिला व्हरांड्यात नेलं आणि पडदा बाजूला केला. चार बटेरी, तीन ठिपक्यांची अंडी. तिचे डोळे एवढे झाले. तिनं हळूच हात आत घातला, एक अंडं उचललं, आणि तिचा चेहरा बदलला. तिनं ते गालाला लावून बघितलं.

"आजी, ये तो ठंडा है."

"तिनं सकाळी दिलं ना, म्हणून."

"नानी वाली का सुबह वाला भी इतना ठंडा नहीं रहता. ये फ्रिज जैसा है." पण तिनं ते पुढे ताणलं नाही. अंडं जागेवर ठेवलं आणि गजांना नाक लावून बटेरींकडे बघत बसली. त्या हलल्या नाहीत. तिनं जिभेनं टक-टक केलं. त्या तरी हलल्या नाहीत. मग तिनं मागे वळून आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं, आणि आणखीनच आवाज खाली आणून मला विचारलं, "ये बोलते नहीं?"

"नाई. ह्या बोलत नाईत."

"इनको भी डाँटा क्या आपने?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला खरंच माहिती हवी होती. मी म्हटलं, थांब, तुझ्यासाठी शेव आणते, आणि स्वयंपाकघरात गेले. डब्याचं झाकण उघडता उघडेना.

रविवारी सकाळी नाश्ता झाला तसे ते निघाले. गाडी सुरू झाल्या झाल्या, लायनीच्या टोकाला पोचायच्या आधी, मला नातीचा आवाज ऐकू आला. कसलंसं गाणं, बेसूर, घसा ताणून. ती अहिवाऱ्याच्या दिशेनं तोंड करून गात होती.

दुपारी मी ताटं घासत होते आणि माझ्या डोक्यात ईनबाई बसली होती. आत्ता ती पोरीला मांडीवर घेऊन विचारत असेल, कशा हायेत आजीच्या बटेरी? आणि पोर सांगत असेल, ठंडे. माझा असा तिळपापड झाला की हातातलं स्टीलचं ताट मी मोरीत आपटलं. ताट फिरत फिरत भिंतीला लागलं. आमच्या घरात असा आवाज कधी झाला नव्हता. मी जीभ चावली आणि आतल्या खोलीकडे धावले.

यजमान पलंगावर बसलेले होते. डोळे टक्क उघडे.

"मोडली ना झोप?" मी कुजबुजले.

"झोपलो कुठं होतो."

"म्हंजे?"

"मले दुपारी झोप येतच नाई. रिटायर झालो तवापासून नाई येत." ते पडद्याकडे बघत बोलत होते. "नुसता पडून राहतो."

"मंग उठत कावून नाई जी?"

"कसं उठू? तू तिकडे पाय न वाजवता फिरून राहतं. भांडं धरून धरून ठेवतं. मले वाटे, एवढं करून राहिली बिचारी, उठलो तं तिले वाईट वाटन." मग म्हणाले, "पंखा मोजतो कदी कदी. पाती मोजतो त्याची. तीनच हायेत."

मी त्या अंधारात उभी राहिले. चार वर्षं मी ज्या झोपेची राखण केली, ती झोप घरात नव्हतीच. आणि त्या नसलेल्या झोपेपायी माझी नात चप्पल हातात घेऊन घरात येत होती, आणि तिकडे ती बाई तिला गाणी गायला लावत होती. मला रडू यायला हवं होतं. मला आला तो संताप, आणि तोही पुन्हा ईनबाईचाच. तिच्या नवऱ्याचे कान गेले हे तिचं केवढं नशीब, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

मी पडदे ओढले नाहीत, उपसले. खिडकीची दांडीच हातात आली. यजमान डोळ्यांवर हात घेऊन म्हणाले, "आता बटेरीचाबी काढ. अंधारात ठेवलं तं कायची अंडी देतीन त्या?"

"माहीत होतं तं सांगतलं कावून नाई?"

"तू म्हटलं ना, काई बोलू नका."

त्याच आठवड्यात मी पुन्हा कॅम्प-१ला गेले. दुकानदारानं विचारलं, मादी मेली का? मी म्हटलं, नाही, तो दे. तो ओरडणारा. त्यानं दोनदा विचारून घेतलं. नर घरी आणून माद्यांत सोडला. पहिला दिवस तो कोपऱ्यात बसून राहिला. मला धास्ती वाटली की ह्या घरात येऊन हाही मुका झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं मान ताणली आणि लायनीतल्या पहिल्या क्वार्टरपासून शेवटच्यापर्यंत ऐकू जाईल असा करकरला. यजमान चहाचा कप घेऊन व्हरांड्यात उभे होते. "बिना ग्रीसचा पंप," ते म्हणाले, आणि कित्येक दिवसांनी मोठ्यानं हसले.

वरच्या मजल्यावर एक तरुण पोरगा राहतो. तो प्लांटमध्ये आहे आणि त्याची नाईट सुरू होती. मी लाजत लाजत जिना चढून माफी मागायला गेले. त्यानं कानातून गाणी ऐकायचं ते बटण काढलं. "क्या काकी? पक्षी? मेरे को तो कूलर में कुछ सुनाई नहीं देता." म्हणजे लायनीत कडी उचलून फाटक लावणारी मी एकटीच उरले होते.

उजेड मिळाला, नर आला, आणि काही दिवसांनी वाळूत पहिलं अंडं सापडलं. मी ते मुठीत धरून उभी राहिले. गरम होतं. मग दुसरं सापडलं, मग रोज. ईनबाईला फोन लावला, काही न बोलता पिंजऱ्याजवळ धरला. नर नेमका करकरला. पलीकडून ती ओरडली, "काय म्हणता? आईकू नाई आलं. इकडं शेळी ओरडून राहिली." मी फोन ठेवला. पण ती विसरली नाही. दोन दिवसांनी तिचाच फोन आला. "पाहायले येतो ईनबाई तुमच्या बटेरी. पोरगी आलीच हाय इथं, तिलेबी आणतो."

ही माझ्या घरी, माझी नात घेऊन, पाहुणी म्हणून येणार. बरं, या म्हटलं. आणखी काय म्हणणार?

त्या दिवशी सकाळपासून मी कान देऊन होते. दहाच्या सुमारास फाटक आपटलं. असं आपटलं की खिडकीची काच थरथरली.  आली. कडी न उचलता आली, माझी पोर. मी हातातलं पीठ तसंच घेऊन दारात धावले.

दारात ईनबाई उभी होती. फाटक तिनं आपटलं होतं. तिच्या मागे माझी नात दोन्ही हातांनी ते फाटक थोपवून धरत होती, आणि ओठांवर बोट ठेवून तिला दटावत होती, "धीरे, नानी. ये आजी का घर है."

मला जे वाटलं त्याला नाव द्यायचं तर हेवा हेच नाव आहे, पण तो इतका खोल गेला की त्याला शेवटी ईनबाई सापडेना. ती तर नुसती हसत उभी होती, काखेत भोपळा घेऊन. नातीनं चप्पल काढली आणि हातात घेतली.

तेवढ्यात व्हरांड्यात नर करकरला. नात जागच्या जागी थिजली. तिनं आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. आता त्याला कोण रागावतं, हे तिला बघायचं होतं.

मी तिला हाक मारली. तिच्या लाडक्या नावानं, पोटातून, शेताच्या पलीकडच्या माणसाला मारावी तशी. एवढा आवाज माझ्यात आहे हे मलाच माहीत नव्हतं. शेवटी तो फाटलाच. वर कूलरवाल्याची खिडकी उघडली. यजमान खुर्चीतून उठून उभे राहिले. ईनबाईनं भोपळा खाली ठेवला आणि कानावर हात घेत म्हणाली, "हळू बाप्पा, ईनबाई. कान फुटतीन ना माह्ये."

ते वाक्य मी अजून जपून ठेवलंय. रोज काढून बघते.

नात आधी आजोबांकडे बघत राहिली. ते म्हणाले, "जागाच हावो मी. जाय, पाय बटेरी." मग तिच्या हातातली चप्पल खाली पडली आणि ती धावली. व्हरांड्यातून तिची आरोळी आली, "आजी, ये गरम है!" आणि मागोमाग नराचं करकरणं, आणि मग तिनं केलेली नराची नक्कल, आणि ईनबाईचं हसणं. आमच्या क्वार्टरच्या भिंतींनी चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं तेवढं त्या दिवशी ऐकलं.

संध्याकाळी ती अहिवाऱ्यालाच गेली. ईनबाईनं विचारलंही, राहतं का आज आजीजवळ? तर म्हणाली, शेळीला सांगून नाही आली मी. मी पिशवीत ठिपक्यांची अंडी घालून दिली. नानीच्या घरी सगळ्यांत मोठं अंडं दाखवायचं म्हणून तिनं ते वेगळं मुठीत धरलं, आणि ते अंडं परत काढून घ्यावं असं मला वाटलं, हे मी लपवत नाही. ऑटोपर्यंत ती नानीचा हात धरून होती. माझा नाही. मी दारात उभी राहून तो हात बघत होते.

मग ती वळली. फाटक उघडंच राहिलं होतं, ते लावायला पळत आली. एका हातात अंडं होतं, दुसऱ्या हातानं तिनं कडी न उचलता फाटक असं ओढलं की अख्खी लाईन दणाणली.

"एक दिवस तुटन ते," यजमान मागून म्हणाले.

मी म्हटलं, तुटू द्या.